विष पोटात गेलंय, उलटी करवू का?

“मॅडम, उलटी करवू का?” विषबाधेच्या फोनवर पलीकडून येणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. लहान मुलाने आजीच्या झोपेच्या गोळ्या चघळल्यात, कुणी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं थिनर घटाघटा प्यायलंय, कुणी मुद्दामच काहीतरी घेतलंय. माणसं घाबरलेली असतात आणि काहीतरी करायला हात शिवशिवत असतात. मी 27 वर्षं हॉस्पिटलच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे, त्यातली बरीचशी वर्षं या फोनपाशी गेली. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही, करवू नका.

त्या ‘नाही’मागचं कारण सांगायला फोनवर वेळ नसतो, म्हणून इथे लिहिते आहे. उलटी करवणारी औषधं कुठल्या झाडांतून आली, ती शरीरात नेमकं काय करतात, आज त्यातलं काय वापरात उरलंय, आणि अशी एखादी बाटली किंवा इंजेक्शन तुमच्या हातात आलं तर काय करायचं, हे ओघाने येईलच. पण आधी तातडीचं.

घरात कुणाच्या पोटात विष गेलं असेल तर

शुद्ध आणि श्वास, या दोन गोष्टी सगळ्यात आधी बघा. हाक मारल्यावर डोळे उघडत नसतील, झटके येत असतील, श्वास घरघरत असेल तर माहिती विचारत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे अशा माणसाला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा आणि तोंड जरा जमिनीकडे झुकलेलं ठेवा. आपोआप उलटी झालीच तर ती घशात न साठता बाहेर पडेल.

माणूस शुद्धीत असेल तर तोंडात उरलेलं थुंकायला लावा. लहान मूल असेल तर ओल्या फडक्याने गालांच्या आतून आणि जिभेखालून पुसून घ्या, अर्धवट चघळलेल्या गोळीचा चुरा तिथेच चिकटून असतो. मग विषमाहिती केंद्राला किंवा जवळच्या हॉस्पिटलला फोन करा, आणि फोन करताना डबा हातात असू द्या. आम्हाला वय लागतं, अंदाजे वजन लागतं, डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचलेलं लागतं, किती वाजता गेलं ते लागतं, आणि जास्तीत जास्त किती गेलं असेल ते लागतं. हा ‘जास्तीत जास्त’ महत्त्वाचा. पट्टीत दहा गोळ्या होत्या, सहा शिल्लक आहेत, तर चार पोटात गेल्या असं धरायचं. एखादी पलंगाखाली पडली असेल हे मनातलं गणित तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं.

या सगळ्यात घशात बोट घालायचं नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, मोहरीचं पाणी पाजायचं नाही. मिठाच्या पाण्याबद्दल मी मुद्दाम ठासून सांगते, कारण ते सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात उतरतं, सोडियम भराभर चढतं, मेंदूला सूज नाही तर रक्तस्राव, आणि यात मुलं आणि मोठी माणसं दगावलेली आहेत. विष पातळ होईल म्हणून पेलाभर पाणी पाजणंसुद्धा फोनवर सांगितल्याशिवाय नको.

आता कारण. संडास धुण्याचं ॲसिड किंवा तुंबलेला पाइप मोकळा करायची कॉस्टिक पूड खाली जाताना अन्ननलिका एकदा भाजते, उलटीत वर येताना दुसऱ्यांदा भाजते. थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोल यांचं खरं भय पोटात नसतंच, ते फुप्फुसात असतं. उलटीच्या वेळी त्यातले काही थेंब श्वासनलिकेत उतरले तरी न्यूमोनियासारखी सूज येते. आणि झोपेच्या गोळ्या घेतलेला माणूस तुम्ही उलटी करवायला सुरुवात केलीत तेव्हा जागा असतो, प्रत्यक्ष उलटी होईपर्यंत पेंगायला लागलेला असतो, तेव्हा ती उलटी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. मग साध्या गोळ्या असतील तर? माणूस टक्क जागा असेल तर? त्याचं उत्तर एका मुळीत आहे.

इपेकॅकची मुळी

माझ्याकडे विद्यार्थी शिकायला आले की मी त्यांच्या तळहातावर या मुळीचा तुकडा ठेवते. साधारण चार ते सहा मिलिमीटर जाड, विटकरी ते गडद तपकिरी, वेडीवाकडी. अंगभर जवळजवळ वळी, जणू मणी घट्ट ओवून दोरा ओढून घेतलाय. मोडली की ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. आत राखाडी रंगाची जाड साल आणि मधोमध बारीकशी काडी. औषध असतं ते सालीत, काडी जवळजवळ कोरडीच. ही ब्राझीलच्या ओलसर जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या कॉफीच्या कुळातल्या लहान झुडपाची मुळी. तिची माहिती 1648 साली पिसो आणि मार्कग्राफ यांच्या ब्राझीलवरच्या ग्रंथात छापली गेली. पुढे पॅरिसमध्ये हेल्वेशियस नावाचा वैद्य ती हगवणीवरचं गुप्त औषध म्हणून विकायचा, आणि फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, पैसे मोजून ते गुपित विकत घेतलं.

म्हणजे सुरुवातीला या मुळीची कीर्ती उलटीची नव्हती, हगवणीची होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चूर्ण हाताळताना मास्क लावायचा, हे मी शिकले ते अनुभवातून. शिकाऊ असताना चाळणीतून चूर्ण चाळत बसले होते, खिडकी उघडी, तोंडाला काही नाही. अर्ध्या तासात शिंका, डोळ्यांतून धार, आणि रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. या चुर्णाने दमा होणारे फार्मासिस्ट शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपासून नोंदलेले आहेत, हे मला नंतर कळलं. आमच्या प्रयोगशाळेत आता ती बरणी उघडण्याआधी खिडकी बंद होते आणि मास्क चढतो.

1817 साली पेलेतिए आणि मॅजांदी यांनी या मुळीतून उलटी करवणारा भाग वेगळा काढला आणि त्याला एमेटीन नाव दिलं. हाच पेलेतिए तीन वर्षांनी काव्हेंतूबरोबर क्विनीन वेगळं करणार होता. पण त्यांचं एमेटीन शुद्ध नव्हतं. त्यात आणखी एक अल्कलॉइड, म्हणजे झाडात बनणारं, थोड्या मात्रेतही शरीरावर जोरकस परिणाम करणारं रसायन, लपलेलं होतं, सेफेलीन, ते 1894 मध्ये पॉल आणि काउन्ली यांनी सोडवून वेगळं केलं. दोघांमध्ये फरक एवढासाच: सेफेलीनच्या रेणूवर जिथे एक मोकळा हायड्रॉक्सिल गट आहे, तिथे एमेटीनवर मिथॉक्सी गट आहे.

हा एवढासा फरक डोळ्यांनी दिसतो, आणि मला तो दाखवायला फार आवडतं. मुळीतला अल्कलॉइडचा अर्क ईथरमध्ये घेतलेला असतो. विभाजक नरसाळ्यात तो ओतायचा, त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणी घालायचं, बूच लावून हलक्या हाताने उलटंसुलटं करायचं, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडायची. मग स्टँडला लावून थांबायचं. सेफेलीनचा तो मोकळा गट फिनॉलचा, म्हणजे थोडासा आम्लधर्मी, म्हणून सेफेलीन खालच्या अल्कलीच्या पाण्यात उतरतं. एमेटीन वर ईथरमध्येच राहतं. एकाच मुळीतली दोन भावंडं दोन थरांत वेगळी होतात. स्वभावही वेगळे. उलटी करवण्यात सेफेलीन जास्त जोरकस, आमांशाचा अमिबा मारण्यात एमेटीन. मुळीत एमेटीन आहे का हे तपासायची जुनी रंगचाचणीसुद्धा देखणी आहे: हायड्रोक्लोरिक आम्लात काढलेल्या गाळलेल्या अर्कात पोटॅशियम क्लोरेटचा एक स्फटिक टाकला की आधी पिवळा रंग येतो, आणि तासाभरात तो लालीकडे झुकतो.

उलटी नेमकी होते कशी

ही दोन्ही अल्कलॉइडं दोन ठिकाणी काम करतात. पहिलं ठिकाण जठर. तिथल्या अस्तराला ती चिडवतात, अस्तरातल्या पेशी सिरोटोनिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडतात, आणि व्हेगस नावाची लांबलचक नस ती तक्रार मेंदूच्या बुंध्यापर्यंत नेते. दुसरं ठिकाण खुद्द मेंदूच्या बुंध्यात, चौथ्या पोकळीच्या तळाशी. बाकी मेंदूला रक्तातल्या वाईट गोष्टींपासून वाचवणारी भिंत असते, या ठिकाणी ती भिंत जवळजवळ नाहीच. तिथल्या पेशींचं कामच रक्त चाखून बघण्याचं. काही विषारी लागलं की त्या ‘बाहेर काढ’ म्हणतात. औषध पोटात गेल्यावर साधारण वीस मिनिटांनी पहिली उलटी येते, आणि ती एकटी येत नाही.

हे समजलं की पुढचंही समजतं: अल्कलॉइडने करवलेली उलटी थांबवायचं बटण आपल्या हातात नसतं.

नोकरी लागून दोन-तीनच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तीन वर्षांच्या एका मुलाला आणलं, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खाऊन पाऊण तास झाला होता. मूल खेळत होतं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी इपेकॅक सिरप लिहून दिलं आणि बाटलीतून मोजून मी दिलं. वीस-बावीस मिनिटांनी उलट्या सुरू झाल्या त्या दोन तास थांबेनात. पहिल्या उलटीत गोळ्यांचे दोन तुकडे दिसले, आई मोठ्याने म्हणाली, “निघालं!” मलाही तसंच वाटलं. पण मुलाचा रक्तदाब उतरायला लागला तो लागलाच, म्हणजे बाकीचं कधीच आतड्यात गेलं होतं. आता त्याला हवा होता सक्रिय कोळसा, विष पृष्ठभागावर धरून ठेवणारा. तीनदा पाजला, तीनदा काळा फवारा बाहेर आला. विषाच्या आड येईल असं एकच औषध हातात होतं, आणि मी दिलेल्या सिरपने त्याचीच वाट अडवली होती. मूल चौथ्या दिवशी घरी गेलं. मला ती बाटली मोजतानाचा माझा हात अजून दिसतो.

त्या दिवशी मी जे एका मुलात पाहिलं ते अभ्यासांतही दिसत होतं. निरोगी माणसांना आधी एखादा मोजता येणारा पदार्थ देऊन मग इपेकॅक दिलं, तर किती बाहेर येतं याचा काही नेम नसे, आणि जसजसा वेळ जाई तसतसं ते प्रमाण घसरत जाई. घरातल्या अपघातात औषध हातात येईपर्यंत निदान अर्धा तास गेलेलाच असतो. रुग्ण त्यामुळे लवकर किंवा जास्त बरे होतात असा पुरावा कुणालाच सापडला नाही. 1997 मध्ये अमेरिकन आणि युरोपियन विषशास्त्रज्ञांच्या संघटनांनी मिळून सांगितलं की इपेकॅक नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये. 2004 आणि 2013 च्या फेरतपासणीत तेच कायम राहिलं. अमेरिकेत 1965 पासून ही 30 मिलीची बाटली चिठ्ठीशिवाय मिळायची आणि घरोघरी ठेवा असा सल्ला होता. 2003 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तो मागे घेतला, घरातली बाटली टाकून द्या म्हणून सांगितलं.

म्हणून मी फोनवर ‘साध्या गोळ्या’लाही नाहीच म्हणते. सक्रिय कोळसासुद्धा घरी पाजायचा नाही. तो हॉस्पिटलमध्ये, शक्यतो पहिल्या तासाभरात, गिळण्याची शुद्ध असलेल्या माणसाला देतात, आणि लोह, लिथियम, अल्कोहोल, ॲसिड, कॉस्टिक यांना तो धरतच नाही.

एमेटीनचा दुसरा संसार

हगवणीचं गुपित आठवतंय? 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीन तोंडाने न देता इंजेक्शनने दिलं. पोट चुकवलं की उलटी कमी, आणि अमिबावर घाव थेट. अमिबाच्या हगवणीत आणि यकृताच्या गळवात मरणारी माणसं उठून बसली. पुढची पन्नास वर्षं हेच मुख्य औषध होतं, मेट्रोनिडॅझोल येईपर्यंत.

किंमतही मोठी होती. एमेटीन पेशीतल्या रायबोसोमला जाम करतं, म्हणजे प्रथिनं बनवायचा कारखानाच बंद. अमिबाचा होतो तसा हृदयाच्या स्नायूचाही होतो. शिवाय ते शरीरातून फार सावकाश जातं, आठवडेच्या आठवडे. आजचा डोस कालच्यावर चढतो. म्हणून त्या काळी रुग्णाला बिछान्यातून उठू देत नसत आणि दहा दिवसांच्या वर इंजेक्शनं चालू ठेवत नसत. ही ‘साचत जाणारी’ खोड लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

उलटी निरोप घेऊन येते तेव्हा

झाडातल्या पुष्कळ अल्कलॉइडांनी उलटी होते, पण ती करवण्यासाठी ती वापरत नाहीत. तिथे उलटी म्हणजे धोक्याची पहिली घंटा. कोल्चिसीन घेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा.

कोल्चिसीन कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं, आणि संधिवाताच्या गाउट या प्रकारात ते शतकानुशतकं वापरात आहे. पूर्वी डॉक्टर सांगत, तासातासाने एक गोळी घ्या, दुखणं थांबेपर्यंत किंवा उलटी-जुलाब सुरू होईपर्यंत. उलटी म्हणजे डोस भरला, असा हिशेब. हा हिशेब धोकादायक होता, कारण कोल्चिसीनमध्ये औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की तासाभरात एकूण 1.8 मिलिग्रॅम दिलं काय आणि सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम दिलं काय, दुखणं सारखंच उतरतं, उलटी-जुलाब मात्र कमी डोसात कितीतरी कमी. तेव्हा आज तुमच्याकडे कुणी ‘उलटी होईपर्यंत घ्या’ असा जुना कागद दाखवला तर तो बाजूला ठेवा. कोल्चिसीनवर असताना उलटी किंवा जुलाब लागले की पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर हे दुप्पट घाईने. कळलावीचा कंद कुणी खाल्ला असेल, तर सुरुवातीच्या उलट्यांनंतर माणूस थोडा सावरल्यासारखा वाटतो, खरी अवयवांची पडझड त्यानंतर येते. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका.

तंबाखूतल्या निकोटीनचंही तसंच. ओली पानं खुडणाऱ्या माणसांना त्वचेतून शोषलेल्या निकोटीनने ढवळतं, गरगरतं, उलट्या होतात. अंग साबणाने धुऊन कपडे बदलायचे. धूम्रपान सोडण्याचा पॅच लावून असं झालं तर पॅच काढून ती जागा नुसत्या पाण्याने धुवा. साबणाने त्वचेतून शोषण वाढतं, हे पॅचच्या बाबतीत वेगळं आहे. डॅफोडिलच्या कंदातलं लायकोरिन कांदा समजून शिजवलेल्या भाजीतून उलट्या करवतं. लोबेलियातलं लोबेलीन निकोटीनचाच लांबचा नातेवाईक. पित्तमारीच्या, म्हणजे अंतमुळाच्या पानांत टायलोफोरीन असतं. इपेकॅकला पर्याय म्हणून ती एकोणिसाव्या शतकात वापरली गेली, नंतर दम्यासाठी पानं चावायला देऊन पाहिली, तेव्हा तोंड यायचं आणि जिभेला मीठ कळेनासं व्हायचं. यातलं काहीही घरी करून बघू नका.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकते. झाडाने उलटी होते म्हणजे त्यात अल्कलॉइडच असतं असं नाही. वमनासाठीच्या गेळफळात सॅपोनिनं मुख्य, कण्हेरीत हृदयावर चालणारी ग्लायकोसाइडं. कण्हेरीच्या उलटीला मी या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरते.

ॲपोमॉर्फीन: आज खरोखर वापरात असलेलं

1869 मध्ये मॅथिसन आणि राइट यांनी अफूतलं मॉर्फीन हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं आणि मिळालं ॲपोमॉर्फीन. नावात मॉर्फीन आहे, पण ते वेदना शमवत नाही आणि त्याची नशाही नाही. मघाशी सांगितलेल्या त्या रक्त चाखणाऱ्या जागेतली डोपामिनची, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या एका रसायनाची, कळ ते थेट दाबतं, त्वचेखाली दिलं की काही मिनिटांतच उलटी. विषबाधेत ते बरीच वर्षं वापरलं. दारू सोडवण्यासाठी आणि समलिंगी माणसांना ‘सुधारण्या’च्या नावाखाली तिरस्कार रुजवायलाही वापरलं. त्या दुसऱ्या वापराला मी औषधोपचार म्हणणार नाही, तो छळ होता.

1951 मध्ये श्वाब यांनी दाखवलं की तीच डोपामिनची कळ पार्किन्सनमध्ये उपयोगी पडते. आज ज्यांच्या नेहमीच्या गोळ्यांचा असर मध्येच उतरतो आणि अंग लाकडासारखं होतं, त्यांना हे इंजेक्शन दहा-वीस मिनिटांत मोकळं करतं. एक गृहस्थ खुर्चीत पुतळ्यासारखे बसलेले, पत्नीने पोटाच्या कातडीची चिमूट धरून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्यांनी लांबलचक जांभई दिली. पत्नी म्हणाल्या, “आली जांभई, आता उठतील.” आणि उठलेच. जांभई हा ॲपोमॉर्फीनचा ठेवणीतला परिणाम, बऱ्याच घरांत तोच इशारा असतो.

तुमच्या घरात हे सुरू होणार असेल तर हे करा. पहिला डोस दवाखान्यातच, बसून किंवा आडवं पडून, आधी आणि नंतर रक्तदाब मोजून. उलटी रोखायला बऱ्याच देशांत दोन-तीन दिवस आधीपासून डोम्पेरिडोन सुरू करतात, पण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, म्हणून त्याआधी ईसीजी मागा. मळमळतंय म्हणून घरात पडलेली ओंडान्सेट्रॉनची गोळी कधीही देऊ नका. ॲपोमॉर्फीन आणि ओंडान्सेट्रॉन यांच्या जोडीने रक्तदाब कोसळून माणसं बेशुद्ध पडली आहेत. उलटीची दुसरी औषधं, मेटोक्लोप्रमाइडसारखी, मेंदूतली डोपामिनची कळच बंद करतात, म्हणजे पार्किन्सन आणखी बिघडतो. इंजेक्शनची जागा रोज बदला, पोट, मांडी, डावं, उजवं, नाहीतर कातडीखाली गाठी होतात. देण्याआधी द्रावण उजेडाकडे धरून बघा. ते पाण्यासारखं नितळ हवं. हवेने ते हिरवं पडतं, आणि हिरवं पडलेलं द्यायचं नाही. सांडलं तर चादरीवर हिरवा डाग पडतो, तो लगेच धुवा.

कुत्र्यांसाठीही हेच औषध चालतं. कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं तर पशुवैद्य ॲपोमॉर्फीन टोचतात किंवा डोळ्याच्या खालच्या पापणीत ठेवतात, काम झालं की डोळा धुतात. मांजराला ते मानवत नाही, तिथे वैद्य दुसरी औषधं निवडतात. तुम्ही करायचं एवढंच: खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन घेऊन तासाभराच्या आत पोचा. मांजराला हायड्रोजन पेरॉक्साइड पाजू नका, जठरातून रक्त यायला लागतं.

बाटली सापडली तर

जुन्या कपाटात इपेकॅकची बाटली सापडली तर वास घेऊ नका, चाखू नका, बेसिनमध्ये ओतू नका. बूच घट्ट करून औषध दुकानात किंवा हॉस्पिटलच्या औषध विभागात आणून द्या. लेबलवर ‘सिरप’ लिहिलंय की ‘फ्लुइड एक्स्ट्रॅक्ट’, हे आम्ही आधी वाचतो. दुसरं पहिल्याच्या चौदा पट तीव्र असे. एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या गेल्या, सिरपच्या मापाने अर्क दिला गेला, आणि माणसं विषाने नव्हे, औषधाने गेली.

पण बाटली जुन्या कपाटात न सापडता तुमच्या मुलीच्या किंवा मुलाच्या खणात सापडली, अर्धी रिकामी, तर ती वेगळी गोष्ट आहे. वजन वाढायच्या धास्तीने जेवणानंतर रोज उलटी करवणारी मुलं-मुली ही बाटली वापरत आली आहेत. एकदाच घेतलं तर बहुतेक सगळं उलटीत जातं. रोज घेतलं तर थोडं थोडं आत राहतं, आणि एमेटीन साचतं. मांड्या-दंड कमजोर होतात, जिना चढवत नाही, केस विंचरायला वर उचललेला हात थरथरतो, छातीत धडधडतं. रागावू नका, बाटली तिच्यासमोर फेकून देऊ नका. “तू किती दिवसांपासून घेते आहेस?” एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. मग बाटलीसकट डॉक्टरांकडे जा आणि बसल्याबरोबर ‘एमेटीन’ हा शब्द सांगा. तो शब्द ऐकला की ते ईसीजी काढतील, पोटॅशियम आणि स्नायूंचं क्रिएटिन कायनेज तपासतील. तो शब्द कुणी सांगितला नाही तर अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं जातं, आणि मी तशा चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. औषध आजच बंद केलं तर स्नायू बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत ताकद धरतात.